भाग २३: आज काय करू? (वरणफळं, पंचेचाळीस मिनिटांत)

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना आलेले बरेचसे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत, तरी काही राहिले असतील. ज्यांना फक्त कृती हवी आहे त्यांनी सरळ शेवटी जावं, मी रागावणार नाही.)

मागच्या भागात आपण घरभाड्याच्या करारावर बोललो होतो, आणि त्यावर खूप जणांचे मेसेज आले. आजचा विषय एकदम वेगळा आहे. आज स्वयंपाक. हो, मीच बोलणार आहे स्वयंपाकावर. माझे कॉलेजचे मित्र हा भाग ऐकत असतील तर त्यांनी आत्ता हसून घ्यावं, कारण होस्टेलवर चार वर्षांत मी मॅगीशिवाय काहीही शिजवलेलं नाही, आणि तीही बऱ्याचदा कच्ची.

तर विषय असा आहे: आठवड्यातला कुठलाही साधा दिवस, म्हणजे मंगळवार किंवा बुधवार. रात्रीचे साडेआठ वाजलेत, शेवटचा कॉल संपलाय, डोकं चालत नाहीये, आणि पोटभर, गरम, अंगी लागेल असं काहीतरी हवंय. एकाच भांड्यात. बाहेरून न मागवता. जगात सगळीकडे लोकांनी याचं उत्तर म्हणून काही ना काही रस्सेदार, दाट असं शोधून ठेवलंय. इंग्रजी व्हिडिओंत त्याला स्टू म्हणतात. आमच्या लातूरकडे त्याचं नाव वरणफळं. माझ्या टीममधली साताऱ्याची मुलगी चकोल्या म्हणते. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती काकू त्याला दाळढोकळी म्हणतात आणि त्यात जास्त गूळ घालतात. पदार्थ साधारण एकच. पातळ वरण उकळायचं आणि त्यात कणकेचे तुकडे शिजवायचे.

पण मी हे का शिकलो ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं सगळं म्हणजे नुसती रेसिपी होईल, आणि रेसिप्या इंटरनेटवर भरपूर आहेत.

आईचा गुडघा

गेल्या वर्षी आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा बदलला. लातूरला आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद आहे, म्हणून ऑपरेशन पुण्यात करून तिने माझ्याकडे वाकडला राहायचं असं ठरलं. इथे लिफ्ट आहे. बाबा पहिले दहा दिवस होते, मग त्यांना दुकानासाठी परत जावं लागलं. उरलो आम्ही दोघं. मला आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम. दिवसा एक मावशी यायच्या, आईच्या सोबतीला आणि दुपारच्या पोळी-भाजीला. त्या सहाला जायच्या. रात्रीचं जेवण माझ्याकडे.

माझ्याकडे म्हणजे काय, ॲपकडे. मी फार विचारच केला नाही. फोन काढायचा, आईला विचारायचं “काय खाशील?”, ती म्हणायची “काहीही मागव”, आणि मी मागवायचो. पनीरचं काहीतरी, कधी इडली, कधी थाळी. आई दोन घास खायची आणि डबा बाजूला करायची. विचारलं तर म्हणायची, “चव चांगलीय रे. पण जेवल्यासारखं वाटत नाही.” मला वाटलं औषधांमुळे भूक गेली असेल. डॉक्टरांनी तर बजावून सांगितलं होतं की जखम भरायची आहे, स्नायू परत धरायचेत, प्रोटीन कमी पडू देऊ नका. मी काय केलं? प्रोटीन पावडरचा डबा आणला. म्हणजे बघा, माझी पद्धत अशी, की प्रॉब्लेम आला की पॅकेज इन्स्टॉल करा.

एका बुधवारी मी ऑफिसमधून जरा लवकर निघालो, साडेसातला घरी. दार उघडलं तर स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. आणि आई ओट्यापाशी उभी. डाव्या हाताने वॉकर धरलेला, उजव्या हातात डाव, ऑपरेशन होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. फरशीवर तेल सांडलं होतं, वॉकरच्या पायापासून वीतभर अंतरावर. तिला ते दिसलंही नव्हतं.

मी ओरडलो. खरं सांगतो, आवाज चढवून ओरडलो. “तुला कळतं का, पडली असतीस म्हणजे!” वगैरे. ती काही बोलली नाही. गॅस बंद केला, मी तिला धरून खुर्चीत बसवलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, “मग काय करू? तू दमून येतोस. रोज ते डबे उघडायलास. मला वाटलं आज तरी गरम वरण-भात खाईल पोरगं.”

म्हणजे ती स्वतःसाठी उभी नव्हती. ती माझ्यासाठी उभी होती. मी तिची काळजी घेतोय असं मला वाटत होतं, आणि घरात खरं चाललं होतं उलटंच. त्या रात्री मी ठरवलं की रात्रीचं जेवण मी बनवणार. प्रेमाबिमाची भाषा सोडा, साधा सेफ्टीचा प्रश्न होता. मी शिजवलं नाही तर ही बाई पुन्हा उभी राहणार, एवढं मला स्पष्ट कळलं होतं.

वरणफळंच का?

मी आईला म्हटलं, मला एकच पदार्थ शिकव. एकच. पण असा शिकव की त्यात सगळं येईल, भांडी कमी पडतील आणि मी तो झोपेत पण करू शकेन. तिने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, वरणफळं.

मला एकदम २०१६ आठवलं. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, त्या वर्षी लातूरला पाणीच नव्हतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, देशभर बातमी झाली होती. माझी बारावीची परीक्षा तेव्हा नुकतीच संपली होती आणि घरात माझं काम एकच, टँकर आला की घागरी घेऊन धावायचं. त्या महिन्यांत आमच्याकडे वरणफळं सारखी व्हायची. मी तेव्हा कुरकुर करायचो, “परत वरणफळं?” आता या गप्पांत आईने कारण सांगितलं. एक पातेलं, एक कुकर, तीन ताटल्या. पोळ्यांचा तवा नाही, भाजीची कढई नाही, भाताचं भांडं नाही. घासायला पाणी कमी लागायचं. दहा वर्षं मला वाटत होतं की आईला उन्हाळ्यात कंटाळा येतो म्हणून ती हे करते.

तर वरणफळं. सोपं वाटलं. लातूरचा माणूस, तूरडाळीच्या बाजारपेठेच्या गावचा, वरण तर रक्तातच असणार ना? (हसतो) ऐका पुढे.

पहिले दोन प्रयोग

पहिल्या दिवशी आईला मी हॉलमध्ये बसवलं आणि सांगितलं की तू तिथूनच बोल, उठायचं नाही. डाळ, चिंच, टोमॅटो, हळद, मीठ, सगळं कुकरमध्ये एकदम टाकलं. डोकं असं की जितक्या कमी स्टेप्स तितकं बरं. चार शिट्ट्या. उघडलं तर डाळ अख्खी. परत चार शिट्ट्या. डाळ जरा फुगली, पण दाताखाली येतच होती. पुढच्या चार शिट्ट्यांपर्यंत साडेदहा वाजले.

आईने लांबूनच विचारलं, “चिंच कधी घातलीस?” मी म्हटलं, आधीच. ती म्हणाली, “मग कशी शिजेल?”

मी नंतर वाचून काढलं, कारण मला ‘का’ कळल्याशिवाय लक्षात राहत नाही. डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं, ते सुटलं की डाळ मऊ होते. आंबट पाण्यात ते लवकर सुटत नाही. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ शिजल्यावर. एकटा टोमॅटो असता तर कुकरने निभावून नेलं असतं, पण मी चिंचेचा चांगला लिंबाएवढा गोळा घातला होता.

दुसरं कारण आमच्या सोसायटीचं पाणी. उन्हाळ्यात बोअर आणि टँकर. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो ना, तो कॅल्शियमचा. असं जड पाणी डाळीच्या त्याच पेक्टिनला आणखी घट्ट बांधून ठेवतं. लातूरची डाळ आईने स्वतः सोबत आणलेली, डाळीत काही खोट नव्हती. तेव्हापासून डाळीला मी फिल्टरचं पाणी घालतो. काही जण चिमूटभर सोडा घालतात. डाळ शिजते त्याने, पण डाळीतलं बी-वन जीवनसत्त्व त्यात जातं, म्हणून मी घालत नाही.

दुसरा प्रयोग दोन दिवसांनी. या वेळी डाळ छान शिजली. कणीक भिजवली, लाटली, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापले, ताटलीत एकावर एक रचले, आणि वरण जरा कोमट होतं तेव्हाच सगळे एकदम आत ढकलले. पाच मिनिटांनी डाव घातला तर आत एकच गोळा. बाहेरून शिजलेला, आतून कच्चं पीठ. मी अक्षरशः सुरीने कापून वाढला.

आईने खाल्लं. पूर्ण खाल्लं. कच्चा भाग बाजूला काढून ठेवत, काही न बोलता, सगळं वरण संपवलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तिचं ताट रिकामं झालेलं बघितलं मी. मग हळूच म्हणाली, “पाणी खळखळ उकळू दे की आधी. आणि एकेक सोड. पत्ते वाटतो तसं.”

पत्ते वाटतो तसं. ही सूचना मला कुठल्याही व्हिडिओत मिळाली नाही. कारण असं, की पाणी जोरात उकळत असलं की तुकड्याच्या बाहेरचं पीठ लगेच शिजून त्याची पातळ साल धरते, आणि मग ते एकमेकांना चिकटत नाहीत. कोमट पाण्यात पीठ आधी विरघळतं, चिकट होतं आणि शेजाऱ्याला धरतं. म्हणून उकळी मोडू द्यायची नाही. पाच-सहा तुकडे सोडले की थांबायचं, उकळी परत आली की पुढचे. आणि पहिला मिनिटभर डाव घालायचा मोह टाळायचा.

आता प्रत्यक्ष, घड्याळ लावून

आता माझी जी घडी बसलीय ती सांगतो. ही तीन जणांची वरणफळं, म्हणजे आम्ही दोघं आणि माझा दुसऱ्या दिवशीचा डबा.

खरी सुरुवात सकाळी होते. ऑफिसला निघताना १५० ग्रॅम तूरडाळ, म्हणजे साधारण पाऊण कप, धुऊन पाण्यात घालायची आणि ते भांडं फ्रिजमध्ये ठेवायचं. ओट्यावर नको, पुण्यात उन्हाळ्यात दिवसभरात आंबूस वास येतो, मला अनुभव आहे. सकाळी विसरलात तर रात्री गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा आणि तेवढ्यात अंघोळ करा. चालतं.

साडेआठ वाजता कुकर. भिजलेली डाळ, अडीच कप पाणी, हळद, चमचाभर तेल. तेलाने फेस कमी येतो आणि शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही. तीन-चार शिट्ट्या. कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून जे काम उघड्या पातेल्यात तासभर चालतं ते इथे पंधरा मिनिटांत होतं. वाफ आपोआप जिरू द्या. घाई करून शिट्टी उचलली की डाळ वर उसळते आणि ओटा पुसण्यात दहा मिनिटं जातात.

कुकर लागला की कणीक. १५० ग्रॅम, म्हणजे सव्वा कप. त्यात ओवा, थोडी हळद, थोडं तिखट, मीठ, दोन चमचे तेल. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट भिजवायची, पुरीला भिजवतो तशी. झाकून ठेवा. दहा मिनिटांत ती सैल होते आणि लाटताना मागे ओढली जात नाही.

त्या दहा मिनिटांत लसूण सोला, मिरची कापा, आणि फ्रिजमध्ये जी भाजी असेल ती बारीक करा. मेथी असेल तर उत्तम. पालक, शेवग्याची शेंग, गाजर, दुधी, सगळं चालतं. गुरुवारपर्यंत आमच्या फ्रिजमध्ये अर्धा दुधी आणि दोन गाजरं हीच अवस्था असते, आणि वरणफळं त्यांना मुकाट्याने सामावून घेतात.

मग मोठं पातेलं. तेल, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, लसूण, मिरची. भाजी घालून दोन मिनिटं परता. मूठभर शेंगदाणे घाला. काळा मसाला एक चमचा, काळा नसेल तर गोडा. टोमॅटो घालायचा असेल तर आत्ता. शिजलेली डाळ घोटून ओता, आणि आता पाणी. इथे माझं सुरुवातीला कायम चुकायचं. दिसायला पुरेसं वाटतं तेवढं पाणी घातलं की शेवटी पिठल्यासारखं घट्ट होतं, कारण फळं पाणी पितात आणि वर त्यांचं पीठही रश्शात उतरतं. आई म्हणते, ताकाएवढं पातळ पाहिजे. साधारण चार कप पाणी, आणि ते गरमच घाला, नाहीतर उकळी यायला परत दहा मिनिटं. मग चिंचेचा कोळ, लहानसा गुळाचा खडा, मीठ.

तोवर कणकेची एक मोठी जाड पोळी लाटा, दोन लाटल्या तरी चालतील. ओट्यावरच सुरीने शंकरपाळे कापा. पोळपाट काढायचा कंटाळा असेल तर लहान गोळी घेऊन अंगठ्याने दाबून चपटी करा. दिसायला ओबडधोबड, चवीला तीच. मग एकेक सोडा, पत्ते वाटतो तसं. दहा-बारा मिनिटं मध्यम आचेवर. तुकडे वर तरंगायला लागले की एक काढून तोडून बघा. मध्ये पांढरी रेघ दिसली तर अजून दोन मिनिटं.

वाढताना वर तूप, कोथिंबीर, लिंबू. आमच्याकडे वरून लसणाची फोडणी पण घेतात, लसूण लालसर करून, तिखट घालून, ते तेल चमचाभर ताटात. सोबत कच्चा कांदा. सव्वानऊला ताट समोर.

आणि हो, डब्याचं. दुसऱ्या दिवशी ती घट्ट वडी झालेली असते. घाबरू नका. अर्धा कप गरम पाणी घालून मायक्रोवेव्ह करा. ऑफिसच्या पँट्रीत या वासाने माझ्या तीन मैत्र्या झाल्यात, खोटं नाही सांगत.

अंगी काय लागतं?

डॉक्टरांचं ते प्रोटीन माझ्या डोक्यात बसलं होतं, म्हणून मी हिशेब केला. तूरडाळीत १०० ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे १५० ग्रॅममध्ये ३३. गव्हाच्या कणकेत १०० ग्रॅममागे ११-१२ ग्रॅम, म्हणजे १५० ग्रॅममध्ये १७ धरा. मूठभर शेंगदाणे, साधारण ३० ग्रॅम, त्यांचे ७. सगळे मिळून ५७ च्या आसपास, तिघांत प्रत्येकी १९. एका ताटात, तेही शाकाहारी आणि रात्रीच्या जेवणात, हे काही कमी नाही.

शिवाय डाळ आणि गहू एकत्र येतात त्याचाही फायदा आहे. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यातलं लायसिन गव्हात कमी असतं आणि डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते गहू भरून काढतो. वरण-भात, खिचडी, डाळ-पोळी, सगळीकडे हीच जोडी आहे. आणि वरून पिळलेलं लिंबू नुसतं चवीचं नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगात जास्त शोषलं जातं.

पण खरं सांगू का, आईची भूक या हिशेबाने परत आली नाही. मी हे आकडे तिला मोठ्या उत्साहाने दाखवले तर म्हणाली, “ते राहू दे, मीठ जरा कमी पडलंय.” प्रोटीन पावडरचा डबा अजून तसाच आहे. कुणाला हवा असेल तर सांगा. (हसतो)

आज काय करू?

मला सगळ्यात जड काय गेलं ते शेवटी सांगतो. लाटणं नाही, फोडणी नाही. ते मी महिन्याभरात शिकलो. जड गेलं ते रोज ठरवणं. साडेआठला डोकं रिकामं असतं आणि त्या डोक्याला रोज एक प्रश्न सोडवायचा असतो: आज काय करू? घरात काय आहे, काय संपलंय, काल काय झालं, कुणाला काय चालत नाही. हे सगळं डोक्यात धरून उत्तर द्यायचं, आणि उद्या परत तेच.

एका संध्याकाळी मी आईला सहज विचारलं, “आज काय करू गं?” ती फोनमध्ये काहीतरी बघत होती. वर न बघताच म्हणाली, “कर काहीही.”

आणि मला असा राग आला! काहीही म्हणजे काय? मी इथे दमून आलोय, निदान एवढं तरी सांग ना! मी हे तोंडाने बोलणार एवढ्यात आईने वर पाहिलं आणि हसायला लागली. तिला कळलं होतं. अठ्ठावीस वर्षं ती रोज हा प्रश्न घेऊन बाबांकडे आणि माझ्याकडे येत होती, दारात उभी राहून, हात पुसत. आणि आम्ही दोघंही, एक पेपर बघत, एक मोबाईल बघत, हेच म्हणायचो. कर काहीही. आम्हाला वाटायचं आपण समजूतदार आहोत, बघा, आपल्या काही मागण्या नाहीत. ती एकटीच पुन्हा आत जायची आणि एकटीच ठरवायची.

मी खाली बसलो तिच्या शेजारी. काय बोलायचं ते सुचलं नाही. म्हटलं, “तुला राग नाही यायचा?” म्हणाली, “यायचा की. मग वरणफळं करायची. त्याला विचार करावा लागत नाही.”

त्या दिवशी आम्ही एक कागद घेतला आणि आठवडा लिहून काढला. मंगळवार वरणफळं. गुरुवार मुगाची खिचडी आणि कढी. बाकीचे दिवस पण लिहिलेत, ते वेळप्रसंगी बदलतात, पण मंगळवार बदलत नाही. कागद फ्रिजवर आहे. साडेआठला आता विचार करायचा नसतो, फक्त कुकर लावायचा असतो, आणि कुकर लावायला मला डोकं लागत नाही. तुम्हाला या भागातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. रेसिपी कुठलीही असू दे, पण तुमच्या सगळ्यात दमलेल्या दिवसाचं जेवण आधी ठरवून ठेवा. आणि घरात दुसरं कुणी रोज हे ठरवत असेल, तर आज त्यांनी विचारल्यावर एका पदार्थाचं नाव घ्या. खरंच, एवढं करा.

आई चार महिन्यांनी लातूरला गेली, स्वतःच्या पायाने जिना चढून. आता बाबा तिला विचारतात म्हणे, “आज मी काय करू?” बाबांना फक्त चहा आणि पोहे येतात, तर त्या प्रश्नाचं उत्तर फार अवघड नाही. पण परवा फोनवर तिने विचारलं, “ते डाळीत चिंच कधी घालायची ते तुझ्या बाबांना सांग रे जरा, माझं ऐकंनात.”

मी सांगितलं. शिजल्यावर, बाबा. शिजल्यावर.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे वरणफळांना काय म्हणतात, त्यात काय वेगळं घालतात, आणि तुमच्या थकलेल्या मंगळवारचं जेवण कोणतं, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, जेवून घ्या!

फक्त कृती हवी असणाऱ्यांसाठी (तीन जणांना)

वरण: तूरडाळ १५० ग्रॅम (भिजवलेली), हळद, तेल १ चमचा, कुकरला अडीच कप पाणी, ३-४ शिट्ट्या.

फळं: कणीक १५० ग्रॅम, ओवा, हळद, तिखट, मीठ, तेल २ चमचे. घट्ट भिजवून १० मिनिटं झाकून ठेवा.

फोडणी: तेल, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, लसणाच्या ७-८ पाकळ्या, २ मिरच्या, घरात असेल ती भाजी, शेंगदाणे ३० ग्रॅम, काळा मसाला १ चमचा.

नंतर: घोटलेली डाळ, ४ कप गरम पाणी, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ. खळखळ उकळीत फळं एकेक सोडून १०-१२ मिनिटं.

वरून: तूप, कोथिंबीर, लिंबू, जमलं तर लसणाची फोडणी.

लक्षात ठेवा: चिंच डाळ शिजल्यावर. पाणी ताकाएवढं पातळ. उकळी मोडू द्यायची नाही.